चुन्याची बोटं

मांगराच्या पडवीतल्या डाव्या खांबावर चुन्याची बोटं अजून आहेत.

बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मांगर उतरवायचा आहे, शाळेला सुट्टी लागली की ये, तुझं काही ठेवायचं असेल तर बघून घे. मला हसू आलं होतं. मांगरात माझं काय असणार? घरापासून हाकेच्या अंतरावर, बागेच्या टोकाला असलेली चिऱ्याची, कौलारू कामाची जागा ती. एरवी तिथे गवत, नांगर, टोपल्या. मे महिन्यात मात्र रातांबे. मी आत पाऊल टाकलं आणि आधी नाकाला तो वास लागला, आंबट, किंचित गोड, किंचित कुजका. बारा वर्षांत घरात टीव्ही आला, मोबाइल आला, वास तोच राहिला. मग तो खांब दिसला, वरच्या अंगाला टोपल्या अडकवलेला. तांबड्या चिऱ्यावर पांढरी बोटं, एकाखाली एक. तेव्हा ती माझ्या नजरेसमोर यायची, आता बघायला वाकावं लागलं.

जुनं काही सापडलं की माणसाचे डोळे भरून येतात म्हणतात. मला राग आला. चांगला सणसणीत राग, नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेला. तेविसाव्या वर्षी, शिक्षिका झाल्यावर, स्वतःच्या बापाचा असा राग येणं शोभत नाही हे मला कळतं. पण आला त्याला काय करणार?

अठ्ठ्याण्णव साली मी अकरा वर्षांची होते आणि माझा धाकटा भाऊ सुद्या आठ वर्षांचा. आमचं गाव वालावलपासून खाडीच्या काठाकाठाने अर्धा तास चाललं की लागतं. बागेत रातांब्याची झाडं बरीच, आणि ती सगळी नेमकी शाळेला सुट्टी लागली की पिकायची. बाकीच्या मुलांना मे महिना म्हणजे आंबे आणि लग्नाची जेवणं. आम्हाला मे महिना म्हणजे रातांबे. सकाळी झाडाखाली पडलेले वेचायचे, टोपल्या मांगरात आणायच्या, फळं फोडायची, आतला पांढरा गर बियांसकट वेगळा काढायचा, सालं बांबूच्या तट्ट्यावर उन्हात पसरायची. दुसऱ्या दिवशी तीच सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून परत उन्हात. मग परत रसात, परत उन्हात. असं सात वेळा. तेव्हा कुठे त्याची सोलं होतात, ज्यांना शहरातली माणसं आमसुलं म्हणून पुडीत विकत घेतात आणि आमटीत दोन टाकून विसरतात.

आणि सोलं वाळेपर्यंत राखण. कोंबड्या यायच्या आणि नेमक्या तट्ट्यावरून चालायच्या. वासरू यायचं. ढग यायचा. ढग आला की घरात असाल तसे, जेवत असाल तर उष्ट्या हातांनी, धावत सुटायचं आणि तट्टे आत ओढायचे. बहुतेक वेळा ढग नुसताच यायचा, बघायचा आणि निघून जायचा. तट्टे परत बाहेर.

आम्ही कामाला आळशी होतो हे मी कबूल करते. रातांबे वेचायला सांगितलं की सुद्याच्या पोटात दुखायचं आणि मला बाईंनी न दिलेला गृहपाठ आठवायचा. आई ओरडून ओरडून दमायची. ‘दोन पोरां असून माका एक हात नाय,’ हे तिचं रोजचं वाक्य होतं. बाबा ओरडायचे नाहीत. ते पान जुळवत आमच्याकडे बघत राहायचे. एका सकाळी त्यांनी आम्हाला मांगराच्या पडवीत उभं केलं, स्वतः डोक्याला पंचा गुंडाळला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण देवापुढे सगळ्यांच्या वतीने म्हणणं मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकदा तसं म्हटलं की मागे फिरता येत नाही, निदान आम्हा मुलांना तसंच वाटायचं.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या मांगरात दोन माणसां उभी आसत.”

“व्हय म्हाराजा!” आम्ही खिदळत ओरडलो.

“तेंनी सकाळी उठान रातांबे येचूक व्हये, सोलांची राखण करूक व्हयी, कोंबडी हाकलूक व्हयी.”

“व्हय म्हाराजा.”

“काम सांगल्यार पोटात दुखता म्हणूचा नाय.”

सुद्या गप्प. मी त्याला कोपर मारलं. “व्हय म्हाराजा.”

“आणि सगळी सोलां सुकान बरणयेत गेली काय, बापाशीन तेंका मालवणाक न्हेवन, होडयेत बसवन, किल्लो दाखवक व्हयो.”

त्यावर आम्ही जे ‘व्हय म्हाराजा’ ओरडलो, ते ऐकून आई हातातला झाडू तसाच घेऊन बाहेर आली. काय झालं ते कळल्यावर ती बाबांकडे जरा वेळ बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं आता वाटतं. मग ती आत गेली.

बाबांच्या कमरेला पानाची चंची असायची. एक काम झालं की त्यातल्या डबीतला चुना बोटाच्या टोकावर घ्यायचे आणि खांबावर टेकवायचे. डावा खांब माझा, उजवा सुद्याचा. बोट टेकवताना बाबांचा चेहरा गंभीर असायचा, एखाद्या कागदावर सही करावी तसा. मग म्हणायचे, “किल्ल्यार म्हाराजांच्या हाताचो ठसो आसा, ठावक आसा? पायाचो पण. चुन्यातच उठलेलो. हो माझो ठसो, तो तेंचो.” सुद्याला त्या ठशावर बाबांचा हात ठेवून बघायचा होता, महाराजांचा मोठा की बाबांचा मोठा ते ठरवायला. मला होडी हवी होती. खाडीतली नव्हे, ती आम्हाला रोजची होती. समुद्रातली, लाटेवर चढणारी, जिच्यातून उतरलं की समोर थेट किल्ल्याचा दरवाजा.

खाडीतली होडी रोजची म्हणाले खरी, पण बाबा तिच्यात कधी नसायचे. आमची आत्या खाडीच्या पलीकडे राहायची. आई, मी आणि सुद्या होडीने जायचो. काठावर उभं राहून होडीवाल्याला हाक मारायची, ती हाक पाण्यावरून पलीकडे जायची आणि थोड्या वेळाने वल्ह्याचा आवाज यायचा. बाबांना मात्र त्याच दिवशी नेमकं कुडाळला काम निघायचं. ते एसटीने कुडाळ आणि कुडाळहून दुसऱ्या एसटीने सगळा वळसा घालून दुपारी जेवणाच्या वेळी पोचायचे. आत्या दारातून हसायची, “इलो गे माझो भाव, कुडाळ फिरान इलो!” आम्हीही हसायचो. कामाचा माणूस आहे आमचा बाप, असं मला वाटायचं.

त्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही खरोखर कामं केली. माझ्या बोटांच्या पेरांना जांभळा रंग बसला तो शाळा सुरू झाली तरी गेला नाही. मिठाने कातडी सोलवटली. रसात हात घातला की जिथे जिथे चिरलं होतं तिथे तिथे झोंबायचं, आणि मी मनात ‘किल्ला’ म्हणायची. दुपारी सगळं घर निजलेलं असताना आम्ही दोघं पडवीत माडाच्या झावळीच्या हिराची काठी घेऊन बसायचो. कोंबडीची चाहूल, लांब कुठेतरी लाकूड फोडल्याचा आवाज, आणि उन्हात तापलेल्या सोलांचा वास. सुद्या विचारायचा, “किती झाली गो?” मी सांगायची, “आता थोडीच रवली.” शेवटी महिनाअखेरीस सोलं बरणीत गेली. आईने झाकणाला फडकं बांधलं. मी जायचे कपडे काढून ठेवले. बाबा आधी एकटेच मालवणला काही आणायला गेले आणि संध्याकाळी परत आले.

“बोटी बंद झाल्यो,” ते म्हणाले.

पावसाळा जवळ आला की वारं फिरतं, समुद्र खवळतो आणि किल्ल्याला जाणाऱ्या होड्या बंद होतात, त्या पार पावसाळा संपेपर्यंत. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी पिशवीतून खाजाचा पुडा काढला. मालवणचा खाजा, गुळात घोळलेला, आल्याचा वास येणारा. सुद्या रडता रडता खाऊ लागला आणि खाता खाता रडायचं विसरला. मी विचारलं, “मगे दिवाळीत जावया?” दिवाळीत भातकापणी होती. “नाताळात?” बाबा म्हणाले, “मे महिन्यातला बक्षीस, मे महिन्यातच घेवचा.” मला ते पटलं. अकराव्या वर्षी काय वाट्टेल ते पटतं.

नव्याण्णव साली मी मुकादम झाले. यंदा लवकर संपवायचं हे मी ठरवलं होतं. सुद्याला मी पहाटे पाय धरून अंथरुणातून ओढायची. त्याने रातांबा फोडता फोडता एक तोंडात टाकला तरी मी ओरडायची. तो मला ‘म्हातारे’ म्हणू लागला. खांबावर बोटं पटापट वाढत होती. आणि कोकणात ज्या दिवसांत माणसं अजून आंब्याच्या पेट्या बांधत असतात, त्या दिवसांत आमची सोलं शेवटच्या रसातून निघाली. मी बाबांना नेऊन दाखवली. त्यांनी एक सोल चघळलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेतून दोन मोठ्या टोपल्या भरून रातांबे घेऊन आले. “तेंचे फुकट जातले होते,” म्हणाले. “तेंका काढूक कोण नाय.”

मी त्या टोपलीला लाथ मारली. रातांबे सगळ्या पडवीभर घरंगळले. बाबा एकही शब्द बोलले नाहीत. वाकून एकेक वेचू लागले. त्यांच्या त्या गप्प राहण्याचाच मला सगळ्यात जास्त संताप यायचा. दोन फटके मारले असते तर निदान भांडण तरी झालं असतं. मग मलाच लाज वाटली आणि मीही वेचायला बसले. त्या रातांब्यांची सोलं झाली तोवर बोटी बंद झाल्या. खाजा आला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात कधीतरी शाळेच्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. सोलं वाळायची ती उन्हावर आणि होड्या चालायच्या त्याही त्याच उन्हाच्या दिवसांत. ऊन संपलं की दोन्ही एकदमच संपायचं. म्हणजे काम पुरं झाल्यावर किल्ला, हे कधीच होणार नव्हतं. ही चूक त्या गाऱ्हाण्यातच होती आणि दोन वर्षं आम्ही तिच्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो. मला वाटलं, बिचाऱ्या बाबांच्या हे लक्षातच आलं नाही.

म्हणून दोन हजार साली मी आधीच सांगितलं. अर्धी सोलं झाली की किल्ला, मग उरलेली अर्धी. बाबा हो म्हणाले. ठरल्या दिवशी आईने घावणे आणि चटणी केळीच्या पानात बांधून दिली आणि स्वतः राखणीला मागे राहिली. मी निळा फ्रॉक घातला होता. सुद्याच्या गळ्याला पावडर इतकी होती की घाम आला तशा तिच्या वळ्या झाल्या. दोन एसट्या बदलून आम्ही मालवणला पोचलो. मासळी बाजारावरून गेलो, बायका टोपल्यांमागे बसून एकमेकींवर ओरडत होत्या. बंदर आलं. डिझेलचा, माशांचा आणि ओल्या दोरांचा वास. समोर किल्ला. मी त्याला पुस्तकातल्या चित्रातच पाहिलं होतं. तो खरोखरच पाण्यात होता.

“किल्लो, किल्लो, चला किल्लो!” होडीवाला ओरडत होता. कुठली कुठली माणसं टोप्या घालून होडीत चढत होती. एक बाई तान्हं मूल घेऊन चढली. सुद्याने होडीचा दोर पकडलासुद्धा.

बाबा पाण्याकडे बघत उभे होते. “आज पाणी बरां नाय,” ते म्हणाले.

होडीवाला हसला. “काय नाय हो, पाणी एकदम गप आसा. बसा.”

“नाय. नको. लाट मोठी आसा.”

लाट नव्हती. मला दोन डोळे होते. लाट नव्हती. बाबांनी आम्हा दोघांची मनगटं धरली होती आणि त्यांचा हात घामाने चिंब होता. उन्हामुळे असेल असं मला वाटलं. मी हात सोडवायला बघितलं, त्यांनी सोडला नाही. होडी आमच्यासमोरून भरली, सुटली, लहान होत गेली. मग बाजारात जाऊन बाबांनी खाजा घेतला.

परत येताना मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. खाजाचा पुडा माझ्या मांडीवर तसाच. घावणेही कुणी सोडले नाहीत. घरी आले ती थेट मांगरात गेले, कोयती घेतली आणि डाव्या खांबावरची माझी शेवटची बोटं खरवडायला लागले. चिऱ्याच्या भोकांतून चुना निघत नव्हता, पाती बोथट झाली, माझ्या हाताला फोड आले. आई मागे येऊन उभी राहिली.

“खांबान काय केल्यान गो तुजा?” ती म्हणाली. मग जवळ बसली. “सोड आता. आणि तेंका काय विचारू नको.”

“कित्या नको?”

“नको म्हटलंय मा.”

बाबा अंगणात हात धूत होते. मी तिथूनच ओरडून सांगितलं की यापुढे माझ्या नावाने खांबावर एकही बोट टेकवायचं नाही. मला बक्षीस नको, कामं मी करीन. बाबांनी पाणी ओतणं थांबवलं आणि मग परत हात धुऊ लागले. त्या दिवसापासून मी त्या खांबाकडे पाठ फिरवली. पुढच्या वर्षी बाबांनी तिथे खुंटी ठोकून मोकळ्या टोपल्या अडकवायला सुरुवात केली. मला बरंच वाटलं. दिसायला नको.

याचा माझ्यावर एक परिणाम झाला, तो असा की मी माझ्या वर्गातल्या मुलांना कधी काही कबूल करत नाही. आमच्या शाळेत बाकीच्या बाई भिंतीवर तक्ते लावतात, चांदण्या चिकटवतात, दहा झाल्या की हे देऊ, वीस झाल्या की ते. मुलं त्या तक्त्यापुढे उभी राहतात ना, तेव्हा मला तिथे थांबवत नाही. माझ्या पर्समध्ये जे असेल ते, गोळी असो नाहीतर खडू, तिथल्या तिथे हातावर ठेवते. मुलं म्हणतात, बाई कडक आहेत पण रोख देतात.

परवा सकाळी मांगर रिकामा करायला घेतला. खुंटीवरच्या टोपल्या मी उतरवल्या. वाळवीने खाल्लेल्या, हातात तुटत होत्या. शेवटची काढली आणि मागचा खांब सगळा उघडा झाला.

खाली माझी जुनी बोटं. त्यांच्या वर कोयतीने खरवडलेली जागा. आणि तिच्यावर परत बोटं. एकावर एक, ओळीने, खांदा येईल तिथपर्यंत आणि मग त्याहून वर, मी डी.एड.ला गेले तेव्हा माझी उंची होती तिथपर्यंत. काही बोटं अगदी पांढरी होती, टोपल्यांमागे ना ऊन लागलं ना धूळ.

बाबा बाहेर कौलं रचत होते. मी हाक मारली. ते पंच्याने मान पुसत आले.

“बाबानू, ही वरची कोणाची?”

“तुजीच.”

“मी तर नको म्हणान सांगलेलंय.”

“काम तर केलंस मा?” ते म्हणाले. “केलेला काम मांडूक नको?”

 दर वेळी टोपली काढायची, बोट टेकवायचं आणि टोपली परत लावायची, हे या माणसाने पाच-सहा उन्हाळे केलं होतं. आणि तरी, तरी किल्ला नाही! रागाच्या भरात मला रडू येतंय हे मलाच उशिरा कळलं. मी सुद्याला फोन लावून खांबाचं सांगितलं. तो गोव्यात हॉटेलात कामाला असतो. “तां अजून डोक्यात आसा तुज्या?” तो म्हणाला. “माका तो खाजा आठवता फक्त. मालवणाक गेलंस तर आणशीत?” मी फोन ठेवला.

“बोटी चालू आसत अजून चार दिवस,” मी बाबांना म्हणाले. “उद्या जावया.”

बाबांनी खांबाकडे बघितलं. “जावया,” ते म्हणाले.

काल आम्ही गेलो. आईने घावणे दिले. बाबांच्या हातात त्यांची जुनी काळी छत्री, वाकड्या लाकडी दांड्याची.  बंदरावर आता जास्त होड्या आहेत, जास्त माणसं, केशरी रंगाची जाकिटं. पाणी गप होतं. मी दोन तिकिटं काढायला निघाले तेव्हा बाबा कठड्याच्या दगडावर बसले.

“एकच काढ,” ते म्हणाले.

मी थांबले.

“माका जमाचा नाय गो, बाय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, छत्रीच्या टोकाकडे बघत होते. “माका पाण्याचो भय वाटता. न्हानपणापासून. खाडयेत सुदीक. तुमका एकट्यांका धाडूक धीर होय नाय, आणि तुमच्या वांगडा येवक पाय उचलना नाय.”

बारा वर्षं. एवढं एक वाक्य बोलायला बारा वर्षं. ते जर तेव्हा बोलले असते तर मी आईबरोबर गेले असते, आत्याबरोबर गेले असते, सुद्याचा हात धरून एकटी गेले असते. किल्ल्याचं नावसुद्धा काढायची गरज नव्हती, नुसता खाजा कबूल केला असता तरी आम्ही रातांबे फोडले असते. आणि ती गाऱ्हाण्यातली चूक! मुंग्या अंडी घेऊन कुठे चालल्या ते बघून पावसाचा दिवस सांगणाऱ्या माणसाने बोटी कधी बंद होतात ते धरलं नव्हतं? ती चूक नव्हतीच. पोरांना द्यावंसं वाटलं ते सगळ्यात मोठं बक्षीस त्यांनी कबूल केलं आणि मग ऊन संपायची वाट बघत बसले. हे सगळं मी त्यांना तिथेच, भर बंदरावर, लोकांदेखत म्हणाले. मोठ्याने म्हणाले. माणसं वळून बघत होती. बाबा ऐकून घेत होते.

“तू जा,” शेवटी ते म्हणाले. “पिशवी ठेव हंय. मी राखतंय.”

मी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि एक तिकीट काढून गेले. होडी लाटेवर चढली, जशी चढेल असं मला वाटलं होतं अगदी तशीच, आणि मला काडीचा आनंद झाला नाही. तटावर छोट्या घुमट्या आहेत. आत हाताचा ठसा आहे. मला वाटलं होतं त्याहून लहान. लोक दोन क्षण बघून पुढे जात होते. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. तटावरून बंदर दिसतं. त्या कडेला एक काळा ठिपका होता, तो छत्रीचा असावा.

परत आले तेव्हा दोन वाजून गेले होते. बाबा त्याच दगडावर बसले होते. ऊन सरकून त्यांच्या अंगावर आलं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता. छत्री उघडी होती, पण डोक्यावर नव्हती. पिशवीवर धरली होती.

“चटणी खराब झाली असती,” ते म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांना काही सांगायचं नाही असं मी होडीत ठरवलं होतं. राग अजून होताच. पण ते माझ्याकडे तसेच बघत होते, जसे सुद्या आणि मी मालवणहून परत येणाऱ्या बाबांकडे बघायचो.

“ठसो कसो आसा गो?” त्यांनी विचारलं.

“न्हान आसा,” मी म्हणाले. “तुमचो हात मोठो.”

बाबांनी उजवा हात उघडून पाहिला. बोटाच्या टोकाला चुना होता, कायमचा असतो तसा. मग त्यांनी हात मिटला. मी त्यांच्या कमरेची चंची ओढली, डबी उघडली, बोटाच्या टोकावर चुना घेतला आणि छत्रीच्या लाकडी दांड्यावर टेकवला.

“ह्या कित्या?”

“राखण केलास मा?”

 आम्ही घावणे खाल्ले, सुद्यासाठी खाजा घेतला आणि एसटीत बसलो. गाडीला गर्दी होती, धक्के बसत होते. चुना ओला होता. कुडाळ येईपर्यंत बाबांनी ती छत्री दांड्याला हात न लावता दोन गुडघ्यांत उभी धरून ठेवली.